काहिलीवर पीआयडी लावला आणि दोन काहिली करपल्या, चूक ट्यूनिंगची आहे की माझी समजूतच चुकलीय?

संकेश्वरचा_पोरगा

नमस्कार सगळ्यांना. मी शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स, बेळगावात रूम करून राहतो, गाव संकेश्वरजवळ. मामांचं गुऱ्हाळ आहे, दिवाळीनंतर पेटतं ते मार्चपर्यंत चालतं, लहानपणापासून सुट्टीत तिथंच असायचो म्हणून प्रोजेक्ट पण त्याच्यावरच करालोय. काहिलीतल्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या, रसाचं तापमान आपोआप कंट्रोल करायचं एवढंच.

सेटअप सांगतो. काहिलीत एसएसच्या नळीत पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर सोडलाय, ईएसपी-३२ बोर्ड आहे, चुलवाणाला (काहिलीखालच्या भट्टीला) हवा मारायला ब्लोअर होताच त्याला व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावला. चिपाडं (रस काढलेला वाळका ऊस) माणूसच घालतो, मी फक्त ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करतो. पीआयडीचा, म्हणजे ठरवलेल्या तापमानापासून किती फरक आहे ते बघून ब्लोअर किती चालवायचा ते ठरवणारा, कोड स्वतः लिहिलाय, लायब्ररी वापरली नाही. सेटपॉईंट (गाठायचं तापमान) ११६ ठेवला कारण जिथं वाचलं तिथं गूळ ११६ ते ११८ ला उतरवतात असंच आहे.

पहिल्या काहिलीला झालं काय, रस उकळायला लागला आणि तापमान ९८ ला जे अडकलं ते दोन तास तिथंच, ९८, ९८.५, ९९ असं. ब्लोअर पूर्ण स्पीडला. मला वाटलं सेन्सर बाद झाला. मग शेवटी शेवटी एकदम पळायला लागलं, ११० झालं, ११६ झालं, आणि ११६ च्या पुढं गेलं तरी ब्लोअर कमी होईना. मी धावत जाऊन हातानं बंद केला, माणसांनी काहील उतरवली, तोवर १२१ झालेलं. गूळ काळा पडला, करपट वास. दुसऱ्या वेळी मी केपी (आत्ताच्या फरकाचं वजन) कमी केला आणि केआय (साठत गेलेल्या फरकाचं वजन) वाढवला तर त्याहून वाईट झालं. दोन काहिलींचा ऊस वाया गेला, मामा मला काही बोलले नाहीत पण तो गूळ त्यांनी म्हशींच्या आंबोणात घालायला बाजूला काढून ठेवला ते बघून मला जेवण गेलं नाही.

आमचे गुळव्या (गूळ करणारे कारागीर) आप्पा सत्तरीचे आहेत, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात, ते फक्त एवढंच म्हणाले की बाळ, तुझा डबा पाकाकडं बघत नाही.

गाईड सर म्हणालेत की पीआयडी जुनं झालं, न्यूरल नेटवर्क लाव, नाहीतर ढवळायला सहा जॉइंटचा रोबोटिक आर्म कर म्हणजे पेपर होईल. माझे प्रश्न: ट्यूनिंग कसं करू, पाणीसुद्धा उकळताना माझा सेन्सर ९७.८ दाखवतोय म्हणजे तो खराब आहे का, आणि न्यूरल नेटवर्कनं हे सुटेल का. पुढच्या आठवड्यात मामा अजून एक काहील द्यायला तयार आहेत, ती वाया घालवायची नाहीये.

उद्यमबाग_फर्नेस

पोरा, आधी सेन्सरचं बघू कारण ते सोपं आहे. तुझा सेन्सर एकदम ठीक आहे. आपला भाग समुद्रसपाटीवर नाही, बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर आहे, तुमच्याकडं थोडं खाली. ढोबळ हिशोब असा की दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू एक डिग्री उतरतो, म्हणजे तुमच्याकडं पाणी ९८ च्या जरा खालीच उकळणार. आता पुढचं ध्यानात घे. तू वाचलेलं ११६-११८ हे पाणी १०० ला उकळतं असं धरून लिहिलेलं असतं, मग तुझ्याकडं तोच पाक दोन डिग्री आधीच तयार होतो. तू ११६ ची वाट बघत बसलास ते पुस्तकातलं ११८ झालं. त्यामुळं तापमान आकड्यात धरू नकोस, 'पाण्याच्या उकळबिंदूच्या वर किती' असं धर, आणि रोज सकाळी आधी साधं पाणी उकळून तो शून्य घेत जा.

आता ब्लोअर का थांबेना ते. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचं इन्स्ट्रुमेंटेशन अठ्ठावीस वर्षं करतोय, हा आजार मी शंभर वेळा बघितलाय. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. हिशोबच करून बघ. सेटपॉईंट ११६, रस ९८ ला, म्हणजे एरर १८. ती १८ ची एरर दोन तास म्हणजे ७२०० सेकंद तशीच राहिली, तर तुझ्या इंटिग्रलच्या खात्यात १८ गुणिले ७२००, जवळजवळ १ लाख ३० हजार जमा झाले. आता तापमान ११६ च्या वर गेलं आणि समजा ३ डिग्री जास्त आहे, तर ते खातं रिकामं व्हायला ४३ हजार सेकंद लागतील, बारा तास. केपी तेवढा मोठा नसेल तर ब्लोअर कमी होणारच नाही. आणि तू केआय वाढवलास म्हणजे त्या खात्याचं वजनच वाढवलंस, म्हणून दुसरी काहील जास्त करपली. आउटपुट १०० टक्क्याला टेकलं की इंटिग्रल गोठवायचा, कोडमध्ये दोन ओळींचं काम आहे, तेवढं आजच कर.

पण खरं सांगू का, ते करूनसुद्धा तुझा प्रश्न सुटणार नाही. भट्टीत आम्हाला ८५० डिग्री गाठायचे असतात आणि तिथं तासभर टिकवायचे असतात, पीआयडी त्यासाठी आहे. तुझ्या काहिलीला ११६ वर टिकायचंच नाहीये, तिथं पोचलं की उतरवायचं. ही वेगळी गोष्ट आहे, जरा विचार कर त्याच्यावर. संध्याकाळी कामावरून आल्यावर अजून लिहितो.

खानापूर_रोबोटिक्स

भावा मस्त विषय आहे. मला वाटतं चुलवाणाच्या विटा गरम असतात, ब्लोअर बंद केला तरी उष्णता येतच राहते, म्हणजे हा डेड टाइमचा (परिणाम उशिरा दिसण्याचा) प्रॉब्लेम आहे. स्मिथ प्रेडिक्टर लाव, १९५७ ला ऑटो स्मिथनी दिलेली पद्धत आहे, आम्हाला सिलॅबसमध्ये होती, प्लांटचं मॉडेल कंट्रोलरच्या आतच चालवायचं म्हणजे उशीर कळायच्या आधीच कळतो. आणि आर्मचं काम असेल तर मला सांग, आमच्याकडं सर्व्हो पडून आहेत, मी येतो गावाला.

निपाणी_गुळव्याचा_नातू

मी इंजिनियर नाही, तंबाखूच्या वखारीत हिशोब लिहितो. पण आज्जा गुळव्या होता, निपाणीच्या खाली वेदगंगेच्या काठाला त्याची बारा गुऱ्हाळं ठरलेली असायची. दादा तुमचे आप्पा बरोबर बोलालेत. आज्जा काय बघायचा ते सांगतो, उपयोग झाला तर बघा.

सुरवातीला मळी वर येते, ती भेंडीचं पाणी घालून काढायची, तोवर जाळ बेतानंच. मग रस पांढरा फेस घेऊन उकळतो, फेस काठापर्यंत येतो, तेव्हा माणूस ढवळत उभा. मग फेस बसतो आणि बुडबुडे मोठे व्हायला लागतात, पिवळे, आणि त्यांचा आवाज बदलतो. आधी खळखळ असते, नंतर फुट-फुट असा जड आवाज, घट्ट पिठलं शिजताना येतो ना तसा. आज्जा चुलवाणाकडं पाठ करून तंबाखू मळत बसायचा आणि नुसत्या आवाजावर जाळ घालणाऱ्याला थांब म्हणायचा. त्यानंतरच तो उठून फावड्यावरचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायचा आणि ती काहिलीच्या कडेवर आपटायचा, टण्ण वाजली की उतरवा. काकवी पाहिजे असली तर कितीतरी आधी काढायची, तेव्हा गोळी होतच नाही, तारच येते.

सांगायचं म्हणजे थांब म्हणणं आणि उतरवणं याच्यात नेहमी वेळ असायचा. उतरवायच्या वेळेला जाळ बंद करून काय उपयोग, चिपाडं आधीच आत पडलेली असतात की.

उद्यमबाग_फर्नेस

वर निपाणीच्या भावांनी लिहिलंय ते परत परत वाच पोरा. 'थांब' आणि 'उतरवा' यातला वेळ, हाच तुझा प्रोजेक्ट आहे.

खानापूरच्या मित्राला सांगतो, स्मिथ प्रेडिक्टर चांगला आहे, मी वापरलाय, पण मॉडेल बरोबर असेल तरच. आणि इथं काहील दर मिनिटाला वेगळी होते. कागद घेऊन बसलो होतो, हिशोब मांडतो, सगळ्यांनी तपासा.

१००० किलो रस धरू, २० ब्रिक्सचा, म्हणजे २०० किलो साखर-बिखर आणि ८०० किलो पाणी. शुद्ध साखरेच्या पाकाचे आकडे घेतले तर ६० टक्क्यांचा पाक पाण्यापेक्षा साधारण ३ डिग्री वर उकळतो, ७० टक्क्यांचा ६, ८० टक्क्यांचा १२, आणि ८५ च्या आसपास तो १८ पर्यंत जातो. उसाच्या रसात बाकीचं पण असतं त्यामुळं आकडे थोडे हलतील, चित्र तेच.

आता २० वरून ६० टक्क्यांपर्यंत यायला ६६७ किलो पाणी उडवावं लागतं. एवढं पाणी उडेपर्यंत तापमान किती चढलं? जेमतेम अडीच डिग्री. ६० ते ७० ला अजून ४८ किलो, ७० ते ८० ला ३६ किलो. आणि ८० ते ८५ ला फक्त १५ किलो पाणी, आणि तेवढ्यात ६ डिग्री! म्हणजे एक किलो पाणी उडालं तर शेवटी तापमान सुरवातीपेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त हलतं. एकाच केपीनं हे दोन्ही सांभाळणारा माणूस मला अजून भेटला नाही.

वेळेत बघू. काहील अडीच तासात होते धरलं तर सरासरी मिनिटाला पाच किलो वाफ जाते. नुसत्या वाफेतच १९० किलोवॅट गेले हे, उघड्या काहिलीवर, आमच्या भट्टीपेक्षा मोठं प्रकरण आहे. म्हणजे पहिले दोन तास दहा मिनिटं सेन्सर जवळजवळ झोपलेला, मग वीस मिनिटात सगळा खेळ, आणि शेवटच्या तीन मिनिटात दर मिनिटाला दोन डिग्री. त्या तीन मिनिटात ब्लोअरशी काही करून फायदा नाही कारण विटा, निखारे, अर्धी जळलेली चिपाडं सगळं आतच आहे.

अजून एक, तुझी एसएसची नळी किती जाड आहे? एक प्रयोग कर. सेन्सर गार पाण्यातून काढून उकळत्या पाण्यात टाक आणि दोन्हींमधल्या फरकाचा ६३ टक्के पल्ला गाठायला किती सेकंद लागतात ते मोज. समजा ४० सेकंद आले तर दोन डिग्री मिनिटाला चढणाऱ्या पाकात तो सव्वा डिग्री मागं राहणार. घट्ट पाकात पाण्यापेक्षा जास्तच मागं. तू ११६ वाचतोस तेव्हा पाक ११७ च्या पुढं गेलेला आहे.

म्हणून या काहिलीला कंट्रोलर लावूच नको. व्हीएफडी हातावर ठेव, आप्पा म्हणतील तसं चालू दे, तू फक्त लॉगिंग कर. दर सेकंदाला तापमान, ब्लोअरचा स्पीड, आणि चिपाडाची पेंडी आत गेली की एक बटण दाब. आप्पा थांब म्हणाले की दुसरं बटण, उतरवली की तिसरं. तीन-चार काहिली अशा झाल्या की मग बोलू.

वडगावची_कंट्रोलवाली

मी मूळची वडगावची, सध्या बेंगळुरात कंट्रोलमध्येच पीएचडी करते, थ्रेड वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, मोठं होणार आहे.

आधी न्यूरल नेटवर्कचं. तुझ्याकडं एका सीझनला किती काहिलींचा डेटा मिळेल, तीस, चाळीस? आणि त्यात दर वेळी ऊस वेगळा, खोडवा असेल लागण असेल, चिपाडं ओली असतील. एवढ्या डेटात नेटवर्क त्यातला योगायोगाचा गोंधळच पाठ करून बसेल. तू जे सरळ लिहू शकतोस ते त्याला शिकवत बसू नकोस. पाण्याचा हिशोब आणि उष्णतेचा हिशोब ही दोन समीकरणं तुला माहीत आहेत, वर काकांनी ती मांडूनच दिलीत. जे माहीत नाही ते एवढंच की ब्लोअरचा स्पीड आणि चिपाडं यातून पाकाला नक्की किती उष्णता मिळते आणि किती उशिरानं. तेवढाच तुकडा डेटातून शिक.

दुसरं, आप्पांकडं बघून कंट्रोलर करणं हे कमीपणाचं आहे असं कृपा करून समजू नकोस, आमच्या विषयाची सुरवातच तिथून झालीय. पीआयडीचं पहिलं नीट गणित निकोलस मिनॉर्स्कींनी १९२२ ला मांडलं ते जहाजाच्या सुकाणूसाठी, आणि ते कशावरून मांडलं, तर मुरलेला सुकाणूवाला जहाज वाकडं जाताना काय करतो ते बघून. तो नुसतं आत्ता किती वाकडं आहे एवढंच बघत नाही, किती वेगानं वाकतंय आणि किती वेळ झाला वाकडंच आहे हे पण धरतो. हेच तीन टर्म. त्याच्यानंतर वीस वर्षांनी, १९४२ ला झिग्लर आणि निकोल्स यांचे ट्यूनिंगचे नियम आले जे तुम्हाला परीक्षेला असतात, आणि पोरांना वाटतं की विषय नियमांपासून सुरू होतो. फझी लॉजिकचं, म्हणजे 'जरा जास्त, जरा कमी' असल्या ढोबळ नियमांवर चालणाऱ्या कंट्रोलचं, पण तसंच. लंडनमध्ये ममदानी आणि असिलियन यांनी १९७५ ला छोट्या स्टीम इंजिनवर माणसाच्या भाषेतले नियम चालवून दाखवले, आणि मग डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्टीवर ऑपरेटर लोकांचे नियम घेऊन ते चालवलं. सिमेंटची भट्टी पण अशीच, उशीर मोठा, आतलं दिसत नाही, आणि अनुभवी माणसाला बरोबर कळतं.

आता माझा सल्ला. तुझा प्रश्न 'किती मिनिटं राहिली' हा ठेव. आतली अवस्था दोन आकड्यात धर, काहिलीत पाणी किती उरलंय आणि सध्या उष्णता किती जातीय. दर सेकंदाला मॉडेल सांगतं की पाणी एवढं कमी झालं असणार, आणि सेन्सर सांगतो की तापमान हे आहे. दोघांपैकी कुणावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायचं काम कालमन फिल्टर करतो. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० ला मांडला, आणि तुझा वक्र सरळ रेषेत नाही म्हणून तुला त्याचं एक्स्टेंडेड रूप लागेल, जे नासाच्या एम्स सेंटरमध्ये अपोलोच्या दिशादर्शनासाठी तयार झालं. इथली गंमत बघ, पहिले दोन तास तापमानाचा वक्र सपाट आहे म्हणून फिल्टर आपोआप सेन्सरकडं कमी बघतो आणि मॉडेलवर चालतो. शेवटच्या वीस मिनिटात वक्र चढा झाला की तोच फिल्टर सेन्सरला धरतो. तू कुठंही हे स्विच लिहायचं नाहीस. मला दरवेळी हे बघून छान वाटतं, अजूनही.

आणि ईएसपी-३२ वर दोन अवस्थांचा फिल्टर आरामात बसतो, काळजी करू नको.

रोबोटिक आर्म बद्दल. सहा जॉइंट, प्रत्येकाला सील, वर साखरेची वाफ आणि खाली चिकट ११८ डिग्रीचा पाक. तो पाक कातडीवर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो, आणि काहिलीभोवती चार माणसं कायम असतात. तिथं फिरणारा आर्म नको. पण ढवळण्यात एक फार मोलाची गोष्ट आहे ती सोडू नकोस. एक आडवी तुळई टाक, त्यावर गिअर मोटर, खाली एसएस ३०४ चा दांडा आणि पातं, एकाच स्पीडनं फिरवायचं, आणि मोटरचा करंट मोज. पाक घट्ट होईल तसा करंट वाढणार. रोबोटिक्समध्ये हे रोजचं आहे, जपानमध्ये कोहेई ओहनिशी यांनी १९८० च्या दशकात डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर मांडला तो याच विचाराचा, फोर्स सेन्सर न लावता मोटरवरूनच कळतं की हाताला किती विरोध होतोय. रस पातळ असतो तोवर करंट काहीच सांगणार नाही कारण तेव्हा पातं नुसतं पाणी ढकलत असतं, घट्टपणाचा फरक पडत नाही. पण शेवटी, जिथं सेन्सरची नळी मागं राहते, नेमकं तिथं करंट बोलायला लागतो. तुझं रोबोटिक्स तिथं आहे. गाईड सरांना असं समजावून सांग, आणि नीट सांगितलंस तर ऐकतील, पेपर यातच आहे.

खानापूर_रोबोटिक्स

ताई पटलं. आर्मचा हट्ट सोडला. माझ्याकडं वायपरची गिअर मोटर आहे, बारा व्होल्टची, आणि करंट सेन्सर पण आहे. शनिवारी संकेश्वरला येऊ का?

संकेश्वरचा_पोरगा

ये की भावा, राहायलाच ये.

संकेश्वरचा_पोरगा

तीन आठवड्यांनी लिहितोय, सीझन जोरात आहे त्यामुळं जमलं नाही. सगळ्यांचे खूप आभार, आता काय झालं ते सांगतो.

काकांनी सांगितल्यासारखं कंट्रोलर काढून टाकला आणि नुसतं लॉगिंग केलं, पाच काहिली. मी आप्पांच्या शेजारी स्टूल टाकून तीन बटणं घेऊन बसलो. आप्पा जाळवाल्याला थांब म्हणत नाहीत, कन्नडमध्ये 'साक' (पुरे) म्हणतात, म्हणून माझ्या फाइलमध्ये कॉलमचं नाव पण 'साक' आहे. सेन्सरची नळी तपासली तर ५२ सेकंद आले, आतली हवा काढून थर्मल पेस्ट भरली आणि टोक पातळ केलं तेव्हा १९ वर आलं.

पाच काहिलीत 'साक' आलं ते पाण्याच्या उकळबिंदूच्या वर ७ ते ९ डिग्रीच्या मध्ये, एकदाही बाहेर नाही. आणि 'साक' पासून उतरवेपर्यंत ६ ते ९ मिनिटं. ९ लागली ती सकाळची पहिली काहील होती, चुलवाण गार होतं, आणि त्या दिवशी आप्पांनी 'साक' उशिरा म्हटलं, म्हणजे विटांमध्ये उष्णता किती आहे ते पण त्यांच्या डोक्यात आहे. मी विचारलं कसं कळलं तर म्हणाले चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहिलं की नडगीला कळतं. मी तिथं दुसरा थर्मोकपल लावला, विटेत.

मग फिल्टर लिहिला. ताईंनी म्हटल्यासारखं दोन अवस्था, आणि विटांचं तापमान तिसरी धरली. पहिल्यांदा चालवला तेव्हा पाणी उणे दाखवायला लागला, कारण ब्रिक्स मी २० धरलेलं आणि त्या दिवशीच्या उसाचं १७ होतं. आता रस काहिलीत पडला की हँड रिफ्रॅक्टोमीटरनं (रसातलं ब्रिक्स मोजायचं छोटं उपकरण) एक थेंब बघतो आणि तो आकडा सुरवातीला घालतो. त्यानंतरच्या दोन काहिलीत बोर्डावर 'किती मिनिटं राहिली' दाखवलं. मधल्या तासात पंधरा-वीस मिनिटं इकडं तिकडं होतंय पण शेवटच्या वीस मिनिटात दीड मिनिटाच्या आत आलं. ब्लोअर अजून माझ्या हातात घेतला नाही. मामा म्हणालेत की आकडा असाच बरोबर येत राहिला तर संक्रांतीनंतर एक काहील डब्यावर सोडू.

खानापूरच्या मित्रानं दोन दिवस राहून तुळई बसवली, वायपर मोटर पहिल्याच काहिलीत गरम होऊन बंद पडली, आता उद्यमबागेतून जुनी गिअर मोटर आणलीय. करंट शेवटच्या आठ-दहा मिनिटात खरंच चढतोय पण फार थरथरतोय, सारखा वर-खाली, त्यातून काही वाचता येत नाही. हा एक प्रश्न उरलाय.

आणि सांगायचं राहिलं, परवा बोर्डावर ७ आलं आणि त्याच क्षणी आप्पांनी 'साक' म्हटलं. त्यांनी वळून बोर्डाकडं बघितलं आणि मला गोळी वळायला दिली. पहिल्यांदाच दिली.

वडगावची_कंट्रोलवाली

वाचून डोळ्यात पाणी आलं रे. करंटचं सांगते. पातं एक फेरा घेताना काहिलीच्या खोलगट बुडाशी जवळ येतं आणि लांब जातं, तुळई मधोमध नसेल तर दर फेऱ्याला करंट वर-खाली होणारच. त्यामुळं उगीच मोठा फिल्टर लावून ते दाबू नकोस, उशीर वाढेल आणि तोच तर आपल्याला नकोय. दांड्यावर एक चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की सिग्नल देणारा) लाव, फेरा पूर्ण झाला की त्या फेऱ्याची सरासरी काढ, एका फेऱ्याला एक आकडा. बघ सरळ होतो का. विटांची तिसरी अवस्था तू स्वतःहून घातलीस, ते प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये ठळक लिही, आणि नडगीची गोष्ट पण लिही, आप्पांच्या नावासकट, त्यांना विचारून.

निपाणी_गुळव्याचा_नातू

दादा काहील धुताना सेन्सरची नळी पण दर वेळी गरम पाण्यानं धुवा. पाकाचा थर बसतो आणि वाळला की दगड होतो, आज्जाच्या फावड्याला बसायचा, तासून काढायला लागायचा. तुमचे १९ सेकंद चार काहिलीत परत ५० होतील.

संकेश्वरचा_पोरगा

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच जाऊन बघितलं, नखाएवढा थर बसलाय. धुऊन परत मोजतो.